सहज

औलूत दुपारी तीनलाच अंधार.
विल्या दिवा पुढे ओढते,
पोतोसीहून आलेला बदल उघडते:
एक ओळ लाल, दोन हिरव्या.

कुणी एउसेबिओ कोल्के. मोडक्या इंग्रजीत:
"ही कमांड देण्याआधी बॅटरी काढा.
मी काढली नव्हती."

दुसरं वाक्य माहितीपुस्तिकेत शोभत नाही.
ती ते खोडते.
मग एक स्वल्पविराम, एक जास्तीची मोकळी जागा.
मग काय वाटतं कोण जाणे, उठते,
खणातला जुना बोर्ड जोडते,
बॅटरी तशीच ठेवून
कमांड टाइप करते. एंटर.

बोर्डावरचा ठिपका दोनदा लुकलुकला
आणि गेला.
पडद्यावर मात्र: यशस्वी.
तळहातावर बोर्ड, नुकत्याच मेलेल्या पाखराइतका कोमट.

आता ती लाल ओळ नीट वाचते, त्याने काढलेली:
"यानंतर बोर्ड सहज सुरू होईल."
कुणाची ही? इतिहास उलगडते.
नऊ वर्षांपूर्वी. विल्या.

सहज.
तिच्या खणात तेव्हा अकरा बोर्ड होते.
त्याच्याकडे किती असतील,
चार हजार मीटर उंचीवर?

खाली बर्फ खरवडणारी गाडी जाते, खिडकी थरथरते.
खोडलेलं वाक्य ती परत आणते.
स्वल्पविराम राहू देते.
शेऱ्यात लिहिते, "मीही काढली नव्हती,"
आणि मंजूर करते.