मूठ फणसाची

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मच्छीमार्केटच्या वरच्या अंगाला
माझं दुकान. पाटीवर अजून ‘बंदूक दुरुस्ती’ आहे,
खाली नव्या रंगात मिक्सर, शेगडी, कुकरची शिटी.
वर्षाकाठी दोन-चार ठासणीच्या येतात,
निवडणुकीआधी ठाण्यात जमा करायच्या म्हणून पुसायला.
आणि यायचं बस्त्याव सोजांचं रिव्हॉल्व्हर,
पंचात गुंडाळून, बांगड्यांच्या पिशवीत,
वरून कोथिंबिरीची जुडी.

कुठल्याशा आगबोटीच्या मालमानं
बंदरावरच्या उधारीपोटी दिलेलं, म्हणे.
म्हणे, कारण मालमाचं नाव सोज दर वेळी नवीन सांगत.

माझे बाबा, तातू मेस्त, ते उजेडात धरून म्हणायचे,
“ह्येचो घोडो आपणहान उठणा नाय.
दर खेपेक आंगठ्यान उठवक लागता.”
मागे ओढला की चार आवाज.
तीन बारीक, चौथा जरा जाड,
दाराची कडी बसावी तसा.
मग चाप. चापाला तेवढंच काम.

सहा घरं, भरायची पाच.
एक भर, एक सोड, पुढची चार भर,
आणि घोडा रिकाम्या घरावर निजव.
नाहीतर हातातून पडलं की पाय गेलाच.
पाढ्यांच्या आधी मी हे शिकलो.

पंचवीस पावलांवरचा नारळ सोजांना कधी लागला नाही.
माडाला लागे, शेजाऱ्याच्या.
“नळी सरळ आसा, बस्त्याव,” बाबा म्हणत,
“वाकडो तू आसस.”

नारळी पुनवेआधीच ज्या साली होड्या लोटल्या,
त्या रात्री वारं फिरलं आणि किनारा दिसेना.
सोज धक्क्याच्या टोकाला उभे राहिले.
एक बार आभाळात. मग अंगठा,
ओला, घोड्यावरून निसटणारा. दुसरा बार.
पाण्यातली माणसं मधलं अंतर मोजत आली,
आवाज कुठल्या बाजूला वाढतोय ते बघत.
पाच बार. खिशात आणखी गोळ्या नव्हत्या.
तीन होड्या लागल्या.
चौथीबद्दल सोज कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

तिथेच ते हातातून सुटलं, दगडावर.
अक्रोडाची मूठ उभी फुटली.
सावंतवाडीच्या एका चिताऱ्यानं फणसाची करून दिली,
पिवळी, लाखेचा हात दिलेली,
पहिली चार वर्षं अगदी खेळण्यातल्यासारखी दिसायची.
मग उंडीचं तेल आणि घाम पिऊन ती काळवंडली.

सोज गेले. परवाना मुलीच्या नावावर होईना,
नतालीनला तो नकोच होता.
कोल्हापूरचे इंगवले आले, भिंग घेऊन.
माझ्या फळीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते ठेवलं.
चौकटीचा नंबर, चक्राचा नंबर, जुळले.
निळाई तीन आणे उरलेली.
नळीत खड्डे. “खारं वारं,” मी म्हटलं.
त्यांनी चारदा घोडा ओढला, कान देऊन.
चेहरा उजळला माणसाचा.
मग मूठ.
“ही कसली?”
“फणसाची.”
“अरेरे. अस्सल असती तर दुप्पट दिले असते.”

नतालीननं माझ्याकडे बघितलं.
धक्क्याची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती,
पण भिंग लावून ती वाचता आली नसती,
आणि मला वाटतं, भाव वाढवायला सांगितली असती
तर मीच खोटा पडलो असतो.

इंगवल्यांनी पेचकस मागितला.
नवी मूठ ते बाहेरून मागवणार, साल जुळणारी.
ही त्यांनी फळीवर ठेवली, वर्तमानपत्रावर,
माशाचं डोकं बाजूला काढून ठेवावं तशी.

मी अजून टाकलेली नाही.
पावत्या उडू नयेत म्हणून वापरतो.
उजवीकडे वरच्या बाजूला एक खळगा आहे,
पावसाळ्यात तिथे जरा बुरशी धरते, मी पुसतो.
माझा अंगठा त्यात बसत नाही.
सोजांचा पंजा मोठा होता.

त्या दिवशी नतालीननं नोटा दोनदा मोजल्या,
अंगठा जिभेला लावून,
आणि पिशवी रिकामी म्हणून
जाताना अर्धा किलो सुंगटं घेऊन गेली.