खिशाचं अस्तर

पेनहॅलोसाहेबांच्या कोटाचा उजवा खिसा
दर हिवाळ्यात फाटतो.
त्यात एक बेडी असते, लहान मापाची,
ब्रिस्टलच्या धक्क्यावर विकत घेतलेली.
पार्लमेंटात ते ती मेजावर ठेवतात,
मतं मोजली जातात,
ती परत खिशात येते.

मी अस्तर शिवते. यंदा सातव्यांदा.

रात्री ते गुडघे टेकतात.
चहा बिनसाखरेचा, निवून गेलेला.
"प्रभू, मी कमी पडलो,"
दाराआडून एवढंच ऐकू येतं.
रविवारी पुढच्याच बाकावर
जहाजांचे मालक,
त्याच प्रभूपुढे, अगदी सुरात.

काल क्वाबेना आला, गोदीतला हमाल.
बेडी मनगटाला लावून पाहिली.
बसेना.
"तेव्हा बसायची," म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली नाही.

आज मी अस्तराला
दुहेरी दोरा घेतला.