अंडे एक

नवापूरच्या अलीकडे, रंगावलीच्या काठी
पत्र्याच्या चर्चमध्ये उपासना संपली
की माझी वही उघडते.
खजिनदार मी. अक्षर वाकडं, हिशेब सरळ.

थैलीत दहाच्या नोटा, नाणी,
आणि एक काळं बटण, दर महिन्याला.
कोण टाकतं ते ठाऊक आहे.
वहीत लिहीत नाही.

टेबलावर पायलीभर तूर, एक भोपळा,
आणि तबिथाआजीचं अंडं.

लिलाव मोशे गावितने पुकारला.
दहा. पंधरा. ट्रॅक्टरवाल्याने चाळीसला घेतलं
आणि परत टेबलावर ठेवलं.
बालवाडीच्या बाईंनी घेतलं, परत ठेवलं.
चार वेळा विकलं गेलं,
तडा गेला नाही.
एकशे नव्वद रुपये.
शेवटी मोशेनेच खिशात घालून नेलं, जपून चालत.

पैसे गेले अक्राणीत, योना पाडवीकडे,
जो सात पाडे फिरतो
घाटात बंद पडणाऱ्या गाडीवर.
त्याची चिठ्ठी आली, मी मोठ्याने वाचली:
पेट्रोल. क्लचप्लेट. एका म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं,
तो उपासनेला येत नाही,
न आला तरी चालेल.

सगळे गेल्यावर आजी दाराशी थांबली.
"यात माझं कोणतं?"
मी आकडे पाहिले. म्हटलं, "क्लचप्लेट."
"ते काय असतं?"
"चकत्या असतात. एकमेकींना घट्ट धरतात,
तेव्हा गाडी चढण चढते."
तिने दोन तळहात जुळवून पाहिले,
जरा दाबले.
"बरं," म्हणाली, "पण कोंबडी खुडूक बसलीय.
पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही."