मिटलेल्यांची मोजदाद

केरमानच्या दंतमहाविद्यालयात, तळघरात,
माहरुख खुर्ची ओढते
आणि दिव्याच्या पेटीवर जबड्याची फिल्म लावते.
आजची पहिली. एकूण चारशे सत्तावन्नावी.
नाव कापलेलं, वय ठेवलेलं: तेवीस, पुरुष.

डावीकडची खालची दाढ सरळ उभी, शहाण्यासारखी.
उजवीकडची मात्र आडवी,
शेजारणीच्या कुशीत डोकं खुपसून,
शाळेला जायचंच नाही असं ठरवलेल्या पोरासारखी.
माहरुख रकान्यात रेघ मारते.
चार उभ्या, पाचवी तिरकी.
मग पुढची फिल्म.

जबडे आखूड होत गेले, असं सर सांगतात.
अन्न मऊ झालं, मांस शिजू लागलं,
हाडानं आपला पसारा आवरता घेतला
आणि दाढेला कुणी कळवलंच नाही.
ती येते आपली, विशीच्या आसपास,
बिऱ्हाड घेऊन, पत्ता विचारत.

तिकडेही ती अक्कलेचीच: दंदान-ए-अक़्ल.
आपल्याच तोंडातला शब्द,
फक्त घसा जरा खोल.
अक्कल उशिरा येते, हे ठीक;
पण चाळिशीतही हाडाखाली आडवी पडलेली अक्कल
मोजायची, म्हणजे माणसांबद्दल काय म्हणायचं?
काहीच म्हणू नकोस, सर म्हणतात.
टक्के लिही.

चहाला वर आली तेव्हा बाकावर तिघं:
नानवाला नादअली, त्याची मेहुणी,
आणि गॅसची टाकी पोचवून टेकलेला एक पोरगा.
नादअलीनं विचारलं,
अशा अडकलेल्या किती जणांच्या निघतात हो?
माझ्या कागदावर तरी, तिघांत एकाच्या.
तिघांनी एकमेकांच्या गालांकडे पाहिलं.
पोरगा जरा सरकून बसला.
मेहुणी म्हणाली, मी नव्हे बाई,
माझ्या कधीच काढल्या.
म्हणजे ती मोजणीतच नाही,
पण हे तिला सांगायचं कुठल्या तोंडानं?

त्या तिघांत एकही निघाला नाही.
आणि माहरुखच्या घरी पाच भावंडं,
पाचही जणांच्या दाढा रुतलेल्या.
टक्का काही दारं वाजवत, सारखा वाटत फिरत नाही.

रात्री आई परातीत पिस्ते निवडते.
फुटलेले इकडे: त्यांना म्हणतात हसरे.
न फुटलेले तिकडे: मिटल्या तोंडाचे.
यंदा मिटलेले किती?
शेकडा वीस, आई मान वर न करता सांगते,
पाणी कमी पडलं झाडांना.
तिला ना दिव्याची पेटी लागते, ना रकाना.

मिटलेले पाण्यात भिजवतात, वाळवतात,
चिमट्यानं फोडतात
आणि पाण्यानं हसलेले म्हणून स्वस्तात विकतात.
तुझ्याकडचे कसे हसवता गं?
सुई, चाकू, तीन टाके. आठवडाभर सुजलेला गाल.
मग दुखत नसतील तर राहू द्यावेत की.

एवढंच सांगायला
सरांच्या पुस्तकाला चार पानं लागली आहेत.

माहरुख हसते. एक पिस्ता उचलते,
दातांखाली धरून बघते, फुटत नाही,
आणि ओलाच परत टाकते, हसऱ्यांच्या ढिगात.
आई न बघता तो उचलते,
तिकडे ठेवते.