हातचे तीन व्होल्ट

तुइरेच्या काचघरात नवे दिवे लागले
आणि माझा रेडिओ मेला.
मेला म्हणजे बोलायचा, पण तळणाच्या कढईतून.
दर गुरुवारी रात्री नऊला व्हार्डोच्या बंदरातून
टोर्मोड मोर्सची किल्ली वाजवतो, एकोणीस वर्षं झाली.
तो त्या चरचरीत बुडून गेला.

मी गोठलेलं तळं ओलांडून गेलो, अर्ध्या तासाची वाट.
दिव्यांमागचे डबे उघडून दाखवले तिला :
हे वीज चिरतात, बाई,
सेकंदाला लाखभर वेळा, आणि तुकडे मोजून पुढं वाढतात.
काटकसरी आहेत,
पण भांड्यांचा आवाज किती!
ती म्हणाली, मला सॅलडची पानं हवीत,
शांततेचं तू बघ.

बघितलं.
चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली आहेत मी.
बंद पडलेल्या एक्स्चेंजचा ट्रान्सफॉर्मर स्लेजवर ओढून आणला,
फुटक्या बोटीच्या तळाचं अ‍ॅल्युमिनियम कापलं.
अठ्ठेचाळीस व्होल्ट,
चौदा-चौदा दिव्यांच्या बारा माळा.
दिवा मागतो तीन आणि वर थोडं,
चौदांचे मिळून साडेत्रेचाळीसला किंचित कमी.
उरले साडेचार.
ते कुणाचे?

ते रेग्युलेटरचे.
बोटाच्या पेराएवढा, तीन पायांचा.
तो चिरत नाही, मोजत नाही,
उरलेलं सगळं अंगावर घेतो आणि तापतो.
त्यातले तीन तर त्याला लागतातच,
हातचे म्हणून.
हातचा नसेल तर त्याला धरता येत नाही धार.

तुइरेचा भाचा रोवानिएमीहून आला,
ऊर्जेचा सल्लागार, हातमोजे न काढता बोलणारा.
एकोणचाळीस वॅट, म्हणाला,
नुसते पत्र्याला शेकायला?
हिशेबानं त्याचं खरं होतं.
मी हिशेबाशी भांडत नाही,
त्याच्यासमोर फक्त रेडिओ लावला
आणि काहीच ऐकू आलं नाही.
किती छान काहीच नाही.

मग जानेवारी. कामोस.
सूर्य येत नाही ते दिवस.
उणे एकतीसला तार तुटली,
चार तासांनी वीज आली
आणि बाराच्या बारा माळा मलूल,
आजाऱ्याच्या डोळ्यांसारख्या.
तुझं यंत्र गेलं, तुइरे म्हणाली.

गेलं नव्हतं.
गारठलेला दिवा जास्त मागतो.
फार नाही, अर्धा पाव व्होल्ट,
पण चौदांचा अर्धा अर्धा पाव म्हणजे पावणेदोन,
आणि मी हातचे ठेवले होते
उन्हाळ्यात बसून.
(यातून कुणी बोध काढू नये.
हा स्फटिकाचा स्वभाव आहे, माणसाचा नव्हे.)

थांबू या, म्हणालो.
पीटच्या पोत्यांवर बसलो,
थर्मासमधली कॉफी झाकणातून प्यालो.
ती ओळीओळीनं मेलेली रोपं मोजत होती,
मोठ्यानं.
मंद दिवे आपल्याच मंद उजेडानं ऊब धरत गेले,
मागणं थोडं थोडं कमी करत गेले.
तिसरी माळ आधी उठली. मग नववी.
मग एकदम पाच.
सातवी सगळ्यात शेवटी,
आम्ही तिच्याकडं बघायचं सोडल्यावर.

त्या उजेडात मला दिसलं :
बोटीच्या पत्र्यावर, रेग्युलेटरांच्या अगदी डोक्याशी,
बियांचे चार ट्रे.
मला न विचारता ठेवलेले.
हे काय?
शेपू, तुइरे म्हणाली,
त्याला खालून ऊब लागते.
भाच्याला सांगू नकोस,
मला या उबेचं बिल लावेल.

ट्रान्सफॉर्मरमध्ये एक व्होल्ट वाढवायला
अजून दोन आठवडे गेले.
हात गारठतात, वायर जाड आहे,
आणि घाई कुणाला होती.

गुरुवारी नऊला टोर्मोड आला, स्वच्छ,
ठिपका ठिपका वेगळा.
तिकडं काय विशेष, त्यानं विचारलं.
किल्लीवर बोट ठेवून
मी जरा वेळ घेतला.
मग पाठवलं :
शेपू उगवला.