कमी दाबाने

माझं काम चावीचं.
पाच फूट लोखंड, वर आडवी मूठ.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत उतरवायची
आणि आटे मोजायचे.
तळजाईच्या पायथ्याची गल्ली सव्वीस आटे,
शाळेमागची चाळीस,
त्यातले शेवटचे सहा हळू,
नाहीतर लाइन ठोके देते आणि वरच्या बायका शिव्या.

खिशात दुसरी चावी. दहा मिलीची बाटली.
आधी फक्त झोपताना,
मग दुपारी,
मग दर झाकणाला वाकण्याआधी दोन-दोन थेंब.
तीन वर्षं.
मंदा म्हणाली, रात्रीतून इतक्यांदा उशाखाली हात घालता,
माझं मंगळसूत्र ठेवलंय काय तिथं?

डॉक्टर तांबोळींनी नाकात दिवा धरला.
खुटवड, तुम्ही करता काय?
पाणी सोडतो.
मग सोपं आहे, म्हणाल्या,
आणि कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला काढू लागल्या:

नाकाच्या अस्तरात बारीक तळी, रक्ताची.
तळ्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्यांना स्नायूंची कडी.
कड्यांवर कुलपं. कुलपांचं नाव अल्फा.
एक नस दिवसभर तिथं रसायन झिरपवते,
कडी आवळून धरते,
फार नाही, निम्मी.
एक नाकपुडी भरते तेव्हा दुसरी मोकळी,
काही तासांनी उलट.

म्हणजे पाळी?
पाळीच. सकाळी ही गल्ली, संध्याकाळी ती.
जन्मभर चालतं, कुणाचा मोर्चा येत नाही.

तुमचे थेंब म्हणजे बनवून घेतलेली चावी.
लागते. घट्ट बसते. तळी एका दमात रिकामी.
पण तेच कुलूप दिवसातून दहादा पिळलं
की भिंत ते आत ओढून घेते.
नस हाक मारते,
दाराशी कुणी नाही.
मग कडी सैल, तळी तुडुंब,
आणि तुम्ही पुन्हा बाटली शोधता.

मी मान हलवली. मला आमचा फलक दिसत होता:
गुरुवारी पाणी बंद,
शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने.
अर्धं पुणं हे वाक्य तोंडपाठ म्हणतं.
माझ्या नाकात तीन वर्षं
वारच बदलला नव्हता.

आधी डावी सोडा, म्हणाल्या,
उजवीला थोडे दिवस राहू दे.

डावी सोडली.
डाव्या कुशीवर डावी ठार बंद,
कूस बदलली तरी बंदच, ती कुठली पाळी पाळते.
तोंडाने ओढलेला श्वास,
जीभ उन्हातल्या पापडासारखी,
आणि छतावर पंख्याची सावली फिरते, मोजत बसलो,
कितवा आटा, कितवा आटा.

नवव्या रात्री पद्मावतीच्या चढावर मोठी लाइन फुटली.
अडीच वाजता फोन.
रस्त्यातून पुरुषभर उंच फवारा,
एक रिक्षा तिरकी तरंगतेय,
पोरगा ओरडतोय, काका वरचा वॉल्व्ह, वरचा!
चावी खांद्यावर टाकून मी चढ पळालो.
वय चोपन्न.
बाटली घरी.

अर्ध्या चढावर कळलं की तोंड मिटलेलं आहे.
दोन्हीकडून आत येतोय.
गार. भरपूर. पुऱ्या दाबाने.
आतून कुणीतरी सगळी झाकणं उचलून
खरी चावी फिरवत होतं,
आणि डाव्या भिंतीतली कुलपं
पुन्हा दाराशी येऊन उभी होती.

वास आला.
फुटलेल्या डांबराचा, चिखलाचा,
आणि क्लोरीनचा.
ज्या पाण्याच्या वहीत रोज मी
'क्लोरीन आहे' लिहून सही करत होतो
ते पहिल्यांदा नाकाला भेटलं.

अठ्ठावन्न आटे. शेवटचे सहा हळू.
फवारा गुडघ्यावर आला, मग घोट्यावर, मग बसला.

मठाजवळ कुणीतरी चहा आणला.
ऊर निवळलं, हात थरथरायचे थांबले,
तशी डावी हळूहळू भरत आली.
पोरगा म्हणाला, काका, नाक चोंदलं का?
म्हटलं, नाही रे.
आता उजवीकडची वेळ आहे.