रंगाचा रकाना

फाटकावरची पाटी म्हणते:
धोकादायक. बंद. प्रवेश नाही.
मी एकोणीस वर्षं रोज आत जातो.

"बंद" हा शब्द सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
भोंगा बंद झाला तेव्हा साचे बंद, खानावळ बंद,
आणि कोपऱ्यावरचा पानवाला आठ दिवसांनी.
हे बंद तसलं नाही.
जिच्यात अजून पगार निघतो
अशी गावातली ही एकच बंद गोष्ट.

वरून बघाल तर टेकाड. कुसळी गवत,
टिटवीची अंडी, मे महिन्यात चव्वेचाळीस अंश.
खाली मुरूम, त्याखाली प्लॅस्टिकचं अस्तर,
त्याखाली शहराचा सगळा रंग,
टॉवेलांचा, चादरींचा, परदेशी ऑर्डरींचा,
गाळ होऊन गोण्यांत शिवलेला.
पाणी आत मुरतं ते साधं असतं.
तळातून निघतं त्याला फायलीत लांबलचक नाव आहे.
आम्ही त्याला काढा म्हणतो.

तीन नंबरचा पंप नरसय्या गुंडेटींच्या हातचा.
ट्रकच्या ट्यूबमधून वायसर कापून बसवला त्यांनी,
"एक पावसाळा काढंल की बे."
अकरा काढले.
बाराव्याला पंप होता, नरसय्या नव्हते.

आता वरून मंजुरी आलीय. सगळं बदलायचं.
मुजावर मॅडमनी हातोडीने पाइप ठोकला,
आवाज बद्द आला.
"हा कागदावर आहे," म्हणाल्या, "जमिनीत नाही."
खोदलं, तर खरंच,
लोखंड कधीच गेलेलं,
भोवतीच्या मातीनेच
नळीचा आकार धरून ठेवला होता.

नवे पाइप काळे. वितळवून जोडायचे.
कुंभारीचा सिद्राम दोन तोंडं तापवतो,
एकमेकांवर दाबतो
आणि सांधा गार होईस्तोवर
कुणाला बोलू देत नाही. मॅडमनासुद्धा.

एक पेटीही आली. पातळी किती चढली
ते ती स्वतःच पुण्याला कळवते.
"काका, आता नोंदवही नको."

नोंदवहीत रंगाचा रकाना छापलेला नव्हता.
मी पट्टीने आखला.
पहिली दोन वर्षं राणी, मग बाटलीचा हिरवा,
मग किती तरी वर्षं नुसता चहा.
अण्णा डाइंगमध्ये होते, कोपरापर्यंत रंगून यायचे.
आई भाकरी वाढता वाढता हात बघून सांगायची,
या आठवड्यात कुठल्या पेठेचा माल आहे.
एका रात्री तीन वाजता काढा असा निळा आला
की मी रकान्यात लिहिलं: ओळखीचा.

मॅडम ते वाचून हसतील असं वाटलं होतं.
लिंबाखाली बसून त्यांनी सगळ्या वह्या काढल्या,
दुपारचा डबा तसाच.
मग एका पानावर बोट ठेवलं.
"इथे पंप बंद आहे. आणि पातळी उतरलीय.
सलग नऊ दिवस.
कुणी विचारलं नाही?"
माझंच अक्षर. सुवाच्य.
"नाही," म्हणालो.
मीही नव्हतं विचारलं.

पश्चिमेच्या भिंतीपलीकडे बोराळ्यांची बोर आहे.
लग्नसराईत त्यांचा टँकर मीच बोलावलाय दोनदा.

काल भिंतीबाहेर नवी तपासणी विहीर पाडली.
सिद्रामने दोरी सोडली, नळकांडं वर घेतलं,
बाटली उन्हात धरली.
"निवळशंख हाय की!"
मॅडम काही बोलल्या नाहीत. झाकण लावलं,
तारीख घातली, बर्फाच्या डब्यात ठेवली.
उत्तर यायला एकवीस दिवस.

पेटी तिचं काम करतेय, हिरवा दिवा लुकलुकतो.
मी नवी वही घेतली, नई जिंदगीच्या दुकानातून,
पट्टीने उभी रेघ मारली.
तारीख, वेळ, पातळी भरली.

रंग
अजून भरलेला नाही.